बागेतील गांधीलमाश्या : पोळ्याच्या जागेवरून उपाय ठरवावा

घराच्या बागेत, सज्जाखाली किंवा कुंपणाच्या झुडपात गांधीलमाश्यांचे पोळे दिसताच ते जाळून टाकण्याकडे अनेकांचा कल असतो. हा उपाय धोकादायक तर आहेच, शिवाय पुष्कळदा अनावश्यकही ठरतो.

गांधीलमाशी लाकडाचे तंतू कुरतडून लाळेत कालवते आणि त्यापासून कागदासारखे पोळे बांधते. आपल्या पिल्लांसाठी ती झाडांवरील अळ्या टिपते. त्यामुळे भाजीपाल्याच्या बागेला तिचा उपयोगच होतो. भिंतीवर मातीचे घरटे करणारी कुंभारीण माशी एकटी राहते व क्वचितच डंख मारते. तिला हुसकावण्याचे कारण नाही.

पोळे उंचावर किंवा वर्दळीपासून दूर असल्यास ते तसेच राहू द्यावे. मात्र दार, खिडकी अथवा मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ असल्यास ते वेळीच काढावे. अनेक जातींत एक किंवा मोजक्या माद्याच पोळ्याची सुरुवात करतात. अशा वेळी चार-सहा घरांचे पोळे अंगभर कपडे घालून, अंधार पडताना लांब काठीने पाडता येते. विजेरीचा झोत पोळ्यावर रोखू नये. मोठे किंवा चेंडूसारखे बंद पोळे प्रशिक्षित कीटक नियंत्रण कर्मचाऱ्यांकडूनच काढून घ्यावे. दगड मारणे, रॉकेल ओतणे वा पेटते टेंभे लावणे कटाक्षाने टाळावे. गळून पडलेली पिकलेली फळे उचलावीत आणि कचरापेटी झाकून ठेवावी.

मधमाशीची नांगी त्वचेत अडकून राहते. गांधीलमाशीची नांगी सहसा अडकत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. माश्या चवताळल्यास तेथेच हातवारे करीत न थांबता घरात जावे. डंखाची जागा साबण व पाण्याने धुवावी, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि बोटातील अंगठी तत्काळ काढावी.

श्वास घेण्यास त्रास, ओठ वा चेहऱ्यावर सूज, अंगभर गांधी उठणे, उलट्या किंवा भोवळ ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. तोंडात वा घशात डंख बसल्यास आणि एकाच वेळी अनेक डंख झाल्यासही धोका संभवतो. अशा वेळी लोखंड घासणे, चुना लावणे यांत वेळ न दवडता ११२ या क्रमांकावर मदत मागावी व रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळणे जीव वाचवणारे ठरते.