बिअर प्यायली, म्हणजे ती मरणार!

मागच्या शुक्रवारी रिलीज आटोपून ऑफिसातून सुटलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. डोक्याचा पार भुगा झालेला. फ्लॅटवर आम्ही तिघं आणि इंटरव्ह्यूसाठी पुण्यात आलेली माझी मावसबहीण, म्हणजे ताई. काहीतरी डोकं न लागणारं बघू म्हणून १९८०चा 'फ्रायडे द थर्टीन्थ' लावला. आणि लगेच आमचा हॉस्टेलमधला जुना खेळ सुरू झाला. पहिल्या वीस मिनिटांत पात्रं बघायची आणि शेवटी कोण जिवंत राहणार यावर पैज लावायची. हरणाऱ्याकडून मिसळ.

अ‍ॅलिस नावाच्या पोरीवर आम्ही तिघांनीही फुली मारली. ती मित्रांबरोबर बिअर पिते, स्ट्रिप मोनोपॉली खेळते. म्हणजे गेलीच! नियमच आहे तसा. ताईने मात्र अ‍ॅलिसवरच पैज लावली. सिनेमा संपला तेव्हा कॅम्पवरची बाकीची पोरं मेलेली आणि अ‍ॅलिस तेवढी जिवंत.

ताई म्हणाली, "अरे, पण तुम्ही तिला आधीच मारून मोकळे का झालात?"

"नियम आहे तसा," मी म्हणालो.

"कुणी लिहिला?"

आता हा प्रश्न आमच्यासारख्याला विचारला की शनिवार-रविवार गेलाच म्हणून समजा. (पुढे बऱ्याच सिनेमांचे शेवट फोडले आहेत. आपापल्या जबाबदारीवर वाचा!)

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी: स्लॅशर म्हणजे मुखवटेवाला खुनी, हातात सुरा किंवा कुऱ्हाड, आणि एकेक करून उडवली जाणारी कॉलेजची पोरं. आपला 'झपाटलेला'तला तात्या विंचू हा 'चाइल्ड्स प्ले'तल्या बाहुल्याचा मराठी भाऊ, म्हणजे नात्यातला म्हणता येईल, पण आजचा विषय तो नाही. आजचा विषय आहे स्लॅशर सिनेमांची टिंगल करणारे सिनेमे. कारण शनिवारी शोधायला बसल्यावर लक्षात आलं की मी आयुष्यभर टिंगलच बघत आलोय, मूळ सिनेमे फारसे बघितलेच नाहीत. 'नियम' मी 'स्क्रीम' आणि 'स्केरी मूव्ही'मधून शिकलो. कोड न वाचता दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं डॉक्युमेंटेशन वाचावं, तसं.

आणि डॉक्युमेंटेशनचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे.

सुरुवातीचा कोड बघू. १९७४चा कॅनडातला 'ब्लॅक ख्रिसमस'. यातली नायिका जेस गरोदर आहे, तिला गर्भपात करायचाय, आणि शेवटपर्यंत टिकते तीच. मग १९७८चा जॉन कारपेंटरचा 'हॅलोविन'. साधारण सव्वातीन लाख डॉलरांत बनवला, खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारातला मुखवटा पांढरा रंगवून घेतलेला, आणि अमेरिकेतच कमाई साडेचार कोटी डॉलरांच्या वर. यातली लॉरी ही 'सज्जन मुलगी जगते' या नियमाचं आद्य उदाहरण मानतात. पण हीच लॉरी मैत्रिणीच्या गाडीत बसून गांजा ओढते! कारपेंटरचं स्वतःचं म्हणणं असं की बाकीच्या पोरी आपापल्या नादात होत्या म्हणून त्यांना खुनी दिसला नाही, लॉरी एकटी पडलेली होती म्हणून तिचं आजूबाजूला लक्ष होतं. शिक्षा-बिक्षा द्यायचं त्याच्या डोक्यात नव्हतं.

पण सव्वातीन लाखांचे कोट्यवधी झालेले दिसल्यावर कॉपी-पेस्टवाले शांत बसतात होय? 'फ्रायडे द थर्टीन्थ' तर 'हॅलोविन'चा गल्ला बघूनच काढला गेला. १९८० ते १९८९ या काळात त्याचे आठ भाग आले. १९८४च्या चौथ्या भागाचं नाव होतं 'द फायनल चॅप्टर', आणि १९८५ला पाचवा आला, 'अ न्यू बिगिनिंग'. (फाइलला 'फायनल' नाव देऊन दुसऱ्या दिवशी 'फायनल-२' करणाऱ्यांनी हसू नये.) या कॉपीच्या कॉपीत जे सोपं होतं तेवढंच उरलं. जोडपं दिसलं की सुरा. बिअर दिसली की सुरा.

टिंगल मात्र अगदी लवकर सुरू झाली होती. १९८१मध्येच 'स्टुडंट बॉडीज' आला. दिग्दर्शक मिकी रोझ, वुडी अ‍ॅलनच्या सुरुवातीच्या सिनेमांचा सहलेखक. सुरुवातीलाच पडद्यावर पाट्या येतात: हॅलोविन, मग शुक्रवार तेरा तारीख, मग जेमी ली कर्टिसचा वाढदिवस. (ही 'हॅलोविन'ची लॉरी.) खून झाला की कोपऱ्यात आकडा वाढतो, क्रिकेटचा स्कोअर असावा तसा. खुन्याची हत्यारं काय, तर कागदाची क्लिप आणि वांगं! विनोद काही फार थोर नाहीत, पण मुद्दा हा की प्रकार जेमतेम तीन वर्षांचा असताना त्याच्या सवयी कुणीतरी मोजायला लागलं होतं.

त्याहून भारी किस्सा १९८२च्या 'द स्लंबर पार्टी मॅसकर'चा. पटकथा लिहिली स्त्रीवादी लेखिका रिटा मे ब्राउनने, ती विडंबन म्हणून. निर्मात्यांनी तो बराचसा सरळ स्लॅशर म्हणूनच काढला. दिग्दर्शक एमी होल्डन जोन्स. खुन्याच्या हातात भलंमोठं ड्रिल आहे, आणि शेवटी एक पोरगी कोयत्याने त्या ड्रिलचं टोकच छाटून टाकते. प्रतीक समजावून सांगायची गरज नाही :-)

नियमाला पुस्तकी नाव मिळालं ते १९८७मध्ये. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी एका निबंधात शेवटी उरणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' म्हटलं. त्यांना मजा करायची नव्हती. बहुतांशी पुरुष असलेला प्रेक्षक शेवटी एका मुलीच्या बाजूने ओरडतो, हे कसं घडतं, हा त्यांचा प्रश्न होता. पण शब्द लोकांनी उचलला आणि प्रश्न तिथेच राहिला. नेहमीचंच.

मग आला २० डिसेंबर १९९६, 'स्क्रीम'. केव्हिन विल्यमसनच्या पटकथेचं मूळ नाव होतं 'स्केरी मूव्ही'. दिग्दर्शक वेस क्रेव्हन, म्हणजे 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'वालाच. पार्टीत रँडी नावाचा व्हिडिओ दुकानातला पोरगा उभा राहून नियम सांगतो: सेक्स नको, दारू-ड्रग्ज नकोत, आणि 'लगेच येतो' असं कधीही म्हणायचं नाही. हाच तो सीन जिथून माझ्या पिढीने नियम पाठ केले. पण मी हा सीन कितीतरी वेळा बघूनही एक गोष्ट विसरलो होतो. रँडी खाली नियम वाचत असताना नायिका सिडनी वरच्या खोलीत तोच नियम मोडते आहे. आणि ती जगते!

एवढंच नाही. आदल्या वर्षी सिडनीच्या आईचा खून झालाय आणि गावात कुजबुज आहे की बाई तसलीच होती. शेवटी कळतं की खुनी म्हणजे सिडनीचा बॉयफ्रेंडच, आणि आपलं घर तिच्या आईने मोडलं असं त्याचं म्हणणं. यातल्या पुरुषाचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या बापाचा, त्याला तितका राग नाही. म्हणजे 'वाईट बाईने मरायला हवं' हा नियम या सिनेमात खरोखर मानणारा माणूस एकच आहे: खुनी. इथे मी पॉज केला आणि जरा वेळ नुसता बसून राहिलो. कारण शुक्रवारी सोफ्यावर बसून तोच नियम आम्ही मिसळीवर लावला होता.

आणि सोफ्यावरच कशाला? बातमी येते तेव्हा फॅमिली ग्रुपवर पहिला मेसेज काय असतो? "एवढ्या रात्री ती तिथे गेलीच कशाला?" सभ्य माणसं लिहितात हे. मीही एकदा अंगठा दिलाय.

'स्क्रीम'नंतर टिंगलीचा धंदाच झाला. २०००मध्ये वेयन्स बंधूंनी 'स्क्रीम'चं टाकून दिलेलं नाव उचलून 'स्केरी मूव्ही' काढला आणि अमेरिकेत पंधरा कोटींहून जास्त डॉलर कमावले. आम्ही हॉस्टेलवर लोळून हसायचो. आजही हसतो, खोटं कशाला बोलू. पण तो फक्त नियम ओळखून टाळी घेतो. नियम असा का, हे विचारायच्या भानगडीत पडत नाही.

विचारणारे नंतर आले. 'टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हिल' २०१०चा. जंगलात मोडकी केबिन घेऊन दुरुस्त करायला आलेले दोन साधे गावाकडचे मित्र. कॉलेजच्या पोरांनी सिनेमे बघून ठरवलेलं असतं की मळके कपडे आणि हातात चेनसॉ म्हणजे खुनीच. मधमाश्या मागे लागल्या म्हणून टकर चेनसॉ घेऊन पळतो, आणि घाबरलेला पोरगा फांदीवर जाऊन आदळून मरतो. या दोघांनी काहीच केलेलं नसतं. जीव घेतो तो पूर्वग्रह.

'द केबिन इन द वूड्स' २००९मध्येच चित्रित झाला होता, पण एमजीएम कर्जात बुडाल्याने २०१२ला आला. आयटीवाल्यांनी तर चुकवूच नये. तळघरात कंट्रोल रूम, कंटाळलेले कर्मचारी, आणि कुठला राक्षस निघणार यावर व्हाइटबोर्डवर पैजा! (ओळखीचं वाटलं. आमची मिसळ.) त्यांना पाच साचे भरायचेत: चवचाल मुलगी, खेळाडू, विद्वान, विदूषक, कुमारिका. आलेली पोरं मात्र हुशार, साधी, साच्यात न बसणारी. मग केसांच्या रंगात रसायन घालून, हवेत वायू सोडून त्यांना साच्यात कोंबतात. 'कुमारिका' कुमारिका नाहीच, पण जे मिळालंय त्यावर भागवायचं. रिक्वायरमेंट क्लायंटची असते ना!

'द ब्लॅकनिंग' (२०२२) आणखी एक नियम घेतो: काळा माणूस आधी मरतो. मग सगळेच मित्र काळे असतील तर? तेव्हा खुनी त्यांनाच ठरवायला लावतो, तुमच्यात सगळ्यात 'काळा' कोण. हसू येतं आणि घशात अडकतं.

रविवारी रात्री शेवटचा बघितला तो 'द फायनल गर्ल्स', २०१५चा. एका मुलीची आई जुन्या स्लॅशरमधली नटी, अपघातात गेलेली. ती मुलगी त्या जुन्या सिनेमाच्या आत जाऊन पडते. तिथे आई आहे, तरुण, गिटार घेऊन बसलेली, आणि पटकथेप्रमाणे मरणार असलेली. दोन लेखकांपैकी जोशुआ जॉन मिलरचे वडील जेसन मिलर म्हणजे 'द एक्झॉर्सिस्ट'मधले फादर कॅरस. वडील गेल्यावरही पडद्यावर त्यांना पुन्हा पुन्हा मरताना बघणं काय असतं, हे या पोराला माहीत होतं. स्कोअरबोर्डवरचा एक आकडा कुणाची तरी आई असते, एवढंच हा सिनेमा सांगतो, ते सुद्धा हसवत.

तर ताईच्या प्रश्नाचं उत्तर: पहिल्या सिनेमांनी काही गोष्टी केल्या, नकलाकारांनी त्यांची सवय केली, टिंगल करणाऱ्यांनी त्या सवयीचा नियम लिहून काढला. आणि आमच्यासारख्यांनी तो न तपासता प्रॉडक्शनला टाकला.

मिसळ तिला सोमवारी सकाळी दिली, स्टेशनला सोडायच्या आधी. एवढं सगळं सांगून झाल्यावर तर्रीवाली बोटं पुसत ती म्हणाली, "पण मी काही नियम-बियम बघून अ‍ॅलिसवर पैज लावली नव्हती रे. मला ती आवडली, म्हणून वाटलं जगावी."

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.