फक्त पाणी यायचं राहिलंय

गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. वेशीजवळ पाण्याची उंच टाकी आहे. खाली संगमरवरी पाटी, पाटीवर योजनेचं नाव, खर्चाचा आकडा आणि उद्घाटन करणाऱ्यांची नावं. टाकीत पाणी मात्र नाही. काकांना विचारलं, "योजना अर्धवट राहिली का?" ते म्हणाले, "छे रे, पूर्ण झाली की! फक्त पाणी यायचं राहिलंय."

हसलो खरा, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कागदावर 'पूर्ण' कोण लिहितो? आणि ते खरं आहे का, हे कोण तपासतो? जुनं काही वाचताना लक्षात आलं, की हा प्रश्न आपल्याकडे निदान सत्तर वर्षं जुना आहे.

२ ऑक्टोबर १९५२ ला, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. एकूण ५५ प्रकल्प, आणि एकेका प्रकल्पात साधारण तीनशे गावं. शेती, रस्ते, शाळा, आरोग्य, सगळं एकत्र आणि लोकांच्या सहभागातून करायचं, अशी कल्पना. त्याआधी १९४८ मध्ये उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यातल्या महेवा इथे अल्बर्ट मेयर या अमेरिकन वास्तुरचनाकाराच्या प्रेरणेने ६४ गावांत असाच प्रयोग झाला होता. तो यशस्वी ठरला, म्हणून आता देशभर.

पण मला खरं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्याच महिन्यात सरकारने ही योजना तपासणारी एक वेगळी संस्थाही उभी केली, 'प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन ऑर्गनायझेशन'. योजना राबवणाऱ्या खात्याच्या हाताखाली तिला ठेवलं नाही, नियोजन आयोगाकडे ठेवलं. ज्याने स्वयंपाक केला त्यालाच 'कसा झालाय?' विचारायचं नाही, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. संचालक होते आपल्या पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे. (महर्षी धोंडो केशव कर्वे वेगळे. आडनावामुळे गल्लत होते.)

राबवणाऱ्या खात्याचे प्रगतीचे अहवाल म्हणजे मोजदाद. खताचे खड्डे किती, विहिरी किती, रस्ते किती मैल. कर्व्यांची माणसं विचारत ते निराळंच. खड्डा खणला, पण त्यात खत होतंय का? विहीर बांधली, पण दुरुस्ती कोण करतंय? फायदा कोणाला झाला? उत्तरं सरकारला सुखावणारी नव्हती. ग्रामसेवक जिथे राहतो त्या गावाला जास्त मिळतं, आडबाजूच्या गावाला कमी. बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्याच्या पदरात पडतं, भूमिहीनाच्या नाही. सारा जोर उद्दिष्टाचा आकडा गाठण्यावर. हे सगळं सरकारनेच छापलं, हे विशेष!

पुढे १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीनेही सांगितलं, की लोकांचा पुढाकार या योजनेत उतरलेला नाही. कारभार निवडून आलेल्या स्थानिक संस्थांच्या हाती द्या. त्यातून पंचायत राज आलं. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. म्हणजे मूल्यमापन वाया गेलं असं म्हणता येणार नाही.

तरीही एक गोष्ट राहूनच गेली. ते अहवाल इंग्रजीत होते आणि वाचणारे दिल्लीत. ज्या विहिरीबद्दल लिहिलं, त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला कोणी ते वाचून दाखवलं नाही.

ते घडायला १९९४ साल उजाडावं लागलं. २ डिसेंबरला राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली 'जनसुनवाई' भरवली. सरकारी कामांची कागदपत्रं मिळवून ती भर सभेत वाचायची, एवढीच रीत. अशा सभांमधून हजेरीपटावरची नावं वाचली जायची आणि खालून कोणीतरी उठायचं, 'मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो!' याला ना संख्याशास्त्र लागतं, ना प्रश्नावली. पण कागद मात्र लागतो, आणि तो द्यायला कचेऱ्या तयार नव्हत्या. म्हणून १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं गेलं. पुढे बऱ्याच लढ्यानंतर २००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला. त्याच वर्षी झालेल्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने, १७ व्या कलमात, सामाजिक अंकेक्षणाचं काम ग्रामसभेकडे दिलं. ज्या रोजगार हमीची वाट १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने दाखवली, तिला राजस्थानच्या मजुरांनी हिशेब विचारायची सवय लावली असं म्हणायला हरकत नाही.

आता कोणी म्हणेल, मग तज्ज्ञ कशाला हवेत? मला तसं वाटत नाही. ग्रामसभेत चोरी पकडता येते. पण तीनशे गावांत मिळून भूमिहीनांच्या वाट्याला कमी येतंय, हे एका गावात बसून दिसत नाही. त्याला कर्व्यांसारखा कोणीतरी हवा, स्वतंत्र आणि न घाबरणारा. त्यांची ती संस्था २०१५ मध्ये नीती आयोगाच्या नव्या मूल्यमापन कार्यालयात विलीन झाली. पाटी बदलली म्हणून काही बिघडत नाही. स्वयंपाक्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी चव घ्यायची ही रीत टिकली, म्हणजे झालं.

असो. निघताना काकांना म्हटलं, "टाकीचे कागद मागवून ग्रामसभेत वाचा ना." ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "वाचायला हरकत नाही रे. पण ठेकेदार आपल्याच भावकीतला आहे."

एवढ्या अहवालांत मला या वाक्यासाठी रकाना कुठे सापडला नाही.