वसईचा सागरी दरवाजा

खानदेशाला समुद्र नाही. आमच्या जळगाव-धुळे भागातील कुटुंबे वसईला जातात, तेव्हा लळिंगचा डोंगरी किल्ला पाहिलेल्या डोळ्यांना खाडीकाठचा सागरी दरवाजा नवलाचा वाटतो. दगडी कमान, लोखंडी खिळे ठोकलेली सागवानी दारे आणि जवळच किल्लाबंदरच्या कोळी बांधवांच्या होड्या. आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असलेली ही वास्तू पाहून ‘हे आपले गतवैभव’ असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस मात्र वाटते, की या दरवाजाचा धडा अधिक अवघड आहे.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे तटाच्या आत चर्चे, मठ आणि वाडे उभे राहिले. त्याच सत्तेने या प्रांतातील देवळे पाडली, हेही आपण झाकून ठेवू नये. याच वसईत पोर्तुगीज पिता व एतद्देशीय मातेच्या पोटी जन्मलेले गोन्सालो गार्सिया समुद्रापलीकडे गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. तेथे त्यांच्या पाठीशी ना तट होता, ना तोफा. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे किल्ला शरण आला. तहानुसार पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांनिशी सन्मानाने बाहेर पडली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती जनांस धर्माचरणाची मोकळीक मिळाली. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल आहे. १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत आपले स्वातंत्र्य त्यांच्या हवाली केले.

‘तुम्ही फिरंग्यांचे’ हा टोमणा आपल्या मुलांच्या कानी अधूनमधून पडतो. त्याला उत्तर रागाने देऊ नये, इतिहासाने द्यावे. फिरंगी निघून गेले. शेतात राबणारा, जाळे विणणारा मराठी भाविक मात्र आपल्या भूमीवर राहिला. राज्याचा आधार तुटल्यावरही जी टिकली, ती श्रद्धा त्याची स्वतःची होती.

म्हणून मुलांना तो दरवाजा जरूर दाखवावा, आणि परतताना नाशिकची ती घंटाही. एकीचा अभिमान नको, दुसरीची खंत नको. दोन्ही आपल्याच इतिहासाची पाने आहेत.