समुद्रकाठी उतरण्याची जागा

बेळ्ळंदुरास समुद्र नाही. येथे जे मोठे पाणी आहे ते तळ्याचे, आणि त्या तळ्याने रस्त्यावर येईतो फेस धरला व २०१७ साली धूर आणि ज्वाळाही दाखविल्या, ही कथा आता जुनी झाली. तरीही उन्हाळ्याची सुटी जवळ आली की येथील मराठी बिऱ्हाडांत समुद्राची बोलणी सुरू होतात. मंगळूरचा किनारा म्हटला तरी तो सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर. पण आमचे मन गोकर्ण-कारवार ओलांडून वेंगुर्ले, मालवण, गणपतीपुळे, दिवेआगर असे वर सरकत जाते. वाद पडतो तो समुद्राविषयी नव्हे, उतरण्याच्या जागेविषयी. तरुण मंडळींस लाटांसमोरचे, थंड हवेच्या खोल्यांचे हॉटेल हवे असते. वडीलधाऱ्यांस पडवीत झोपाळा असलेले, केळीच्या पानावर वाढणारे एखादे घर.

यंदा या वादास निराळीच धार आली. कोकणातील आमचे वडिलोपार्जित घर बरीच वर्षे कुलपात आहे. भावकीतील एकाने ते दुरुस्त करून प्रवाशांस भाड्याने देण्याचा विचार कळविला आणि आमची संमती मागितली. ज्या घरी आम्ही मे महिन्यात आपोआप जात होतो, तेथे आता अनोळखी माणसे पैसे मोजून राहणार, ही कल्पना मनास टोचली. उत्तर लिहिण्यापूर्वी आम्ही स्वतःसच विचारले, की आपल्या किनाऱ्यावर परक्या माणसास जागा देण्याची रीत होती तरी कशी?

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की समुद्रावर केवळ सुखासाठी जाणे ही कल्पना आपल्या पूर्वजांची नव्हे. इंग्लंडात १७५० मध्ये डॉ. रिचर्ड रसेल याने समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगणारा ग्रंथ लिहिला, आणि पुढे ब्रायटनसारखी गावे स्नानार्थ्यांनी भरून गेली. तेच इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा हवापालटासाठी डोंगराकडे वळले. महाबळेश्वर १८२८-२९ च्या सुमारास वसले, माथेरान १८५० मध्ये त्यांच्या दृष्टीस पडले. आपल्या लेखी समुद्र हे तीर्थ होते, व्यापाराची वाट होती, मासळीचे शेत होते. हवा खाण्याची जागा नव्हती. जुनी घरे आगराच्या आत, नारळी-पोफळींच्या आडोशाला बांधली जात. लाटा दिसाव्यात म्हणून कोणी घर बांधीत नसे. वारा लागू नये म्हणून मात्र जागा हेरीत.

मग परका माणूस किनाऱ्यावर आलाच तर उतरे कोठे? यात्रेकरू असला तर धर्मशाळेत किंवा क्षेत्राच्या उपाध्यायाकडे. सरकारी अंमलदार असला तर डाकबंगल्यात. आप्त असला तर आप्ताच्या घरी. १८८३ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकुर कारवारच्या समुद्राने वेडे झाले, तेथे त्यांनी नाटक लिहिले. पण त्यांचाही मुक्काम तेथील जिल्हा न्यायाधीश असलेले वडील बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे होता. कोणाचे तरी कोणी असल्याखेरीज किनाऱ्यावर मुक्काम करणे फारसे शक्यच नव्हते.

कोकणची गोष्ट याहून विशेष. येथे येणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती. मुंबईहून आगबोटी सुटत, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत खाली जात, आणि जेथे धक्का नसे तेथे उतारूंना पडावांतून किनाऱ्यास आणीत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. या प्रवासाची जोखीम किती होती हे १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पण बोटीतून उतरणारा बहुतेक माणूस चाकरमानी होता. त्याला खोली नको होती. त्याचे घर वाट पाहत होते. ज्या किनाऱ्यावर इतकी माणसे उतरत तेथे हॉटेले इतक्या उशिरा का आली, याचे उत्तर आमच्या मते येथे आहे. कोकणात पाहुणा पुष्कळ होता, गिऱ्हाईक नव्हते.

या पाहुणचाराचे गुणगान करण्याचा मोह आम्हांस होतो; परंतु इतिहास तेवढ्यावर थांबू देत नाही. दार सर्वांसाठी उघडे नव्हते. डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना उतरण्यास जागा मिळेना. एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव सांगून ते राहिले, आणि जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस तेथून बाहेर काढले. एवढ्या विद्येचा माणूस रात्रीच्या निवाऱ्यास महाग होतो, तेथे सामान्यांची काय कथा! सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत करून घेतलेल्या ठरावात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर धर्मशाळांचाही उच्चार आहे, तो उगाच नव्हे. त्याच ठरावाच्या आधारे कोकणातील महाडास १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. रत्नागिरीस सावरकरांनी १९३३ मध्ये सर्व जातींसाठी ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ काढविले, ही त्याच किनाऱ्यावरची गोष्ट. अखेर १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने उपाहारगृहे व हॉटेले यांत जातिधर्मावरून कोणास अटकाव करता येणार नाही असे पंधराव्या कलमात स्पष्ट लिहिले. म्हणून विकतच्या खोलीला आम्ही सरसकट नाके मुरडीत नाही. पैसे घेऊन नाव न विचारणारी खोली ही कित्येकांच्या दृष्टीने घरगुती आपुलकीहून अधिक सभ्य ठरली.

घरगुती सोयीचा दुसरा धागा मुंबईत सापडतो. एकट्या राहणाऱ्या गिरणीकामगारांना घरच्या चुलीवर रांधून जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया हा त्या नगरीचा मोठा आधार होता. त्यांचे कष्ट अफाट आणि पत शून्य. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ निघाले आणि या बायांना बँकांचे कर्ज मिळू लागले. घरचे रांधणे हा धंदा आहे व त्याची मालकीण रांधणारी आहे, ही गोष्ट कागदावर येण्यास इतका काळ लागला.

सुटीचा प्रवासी मात्र स्वातंत्र्यानंतर घडला. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगारास पगारी रजा दिली. १९५६ पासून केंद्र सरकारच्या नोकरांना रजेतील प्रवासाची सवलत मिळाली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि पुढील काही वर्षांत कळंगुट-हणजुण्याच्या घरांतून परदेशी तरुणांना खोल्या मिळू लागल्या. १९८३ मध्ये राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी आग्वादच्या हॉटेलात उतरले. महाराष्ट्रात १९७५ साली पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले; १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा मार्ग पुरा झाला. घाट, खाडी आणि पावसाळा यांनी राखलेला किनारा बारमाही मोकळा झाला.

या स्थित्यंतराचे सारे सुखदुःख एका दिवेआगरात पाहावयास मिळते. हे गाव जुने. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, येथील ताम्रपट मराठीच्या अतिप्राचीन लेखांत गणला जातो. येथे १७ नोव्हेंबर १९९७ रोजी एका बागेत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि दर्शनार्थ्यांची रीघ लागली. गावात हॉटेले नव्हती. म्हणून घरेच पुढे झाली. कोणी पडवीवर दोन खोल्या चढविल्या, कोणी मागील दारी पंगतीची जागा केली. उकडीचे मोदक, आंबोळ्या आणि सोलकढी यांवर संसार सावरले. पुढे २४ मार्च २०१२ च्या रात्री दरोडेखोरांनी दोन राखणदारांचा जीव घेऊन मुखवटा पळविला, आणि गावाची वर्दळ ओसरली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ याच परिसरात किनाऱ्यास धडकले. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली. २०२१ मध्ये गणपतीची पुन्हा स्थापना झाली. बाग नवी लावली तरी पोफळ धरण्यास वर्षे लागतात. मधल्या काळात कित्येक घरांना खोलीचे भाडे हाच आधार उरला.

कायद्यानेही या घरांची बाजू काही अंशी घेतली आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरांपर्यंतच्या बांधकामांवर बंधने घातली. पुढील अधिसूचनेने किनारवासीयांना आपले घर, त्याचे जोते व दर्शनी भाग न बदलता, पाहुण्यांच्या निवासासाठी वापरण्याची मुभा दिली. नवी इमारत उठवून समुद्र अडविण्यापेक्षा आहे ते घर उघडावे, हा त्यातील विचार आम्हांस पटतो.

मग जागा निवडावी कशी? एकदा आम्ही केवळ छायाचित्रावर विसंबून समुद्रासमोरची म्हणून खोली घेतली, ती निघाली विजेच्या यंत्रासमोरची. रात्रभर लाटांऐवजी त्याचीच गाज ऐकली. तेव्हापासून आम्ही खोलीच्या चित्रापेक्षा चार प्रश्नांवर भर देतो. घरची माणसे तेथेच राहतात काय? मे महिन्यात विहिरीला पाणी असते काय? सांडपाणी कोठे जाते? आणि रांधणाऱ्या बाईस मिळकतीत वाटा आहे की नुसता धूर? म्हाताऱ्यांसोबत जाणाऱ्यांनी पायऱ्या व न्हाणीघर यांची चौकशी अवश्य करावी. तेथे चांगले हॉटेल अधिक सोयीचे असेल तर तेच घ्यावे, त्यात कोकणाचा अपमान नाही.

हे सारे लिहीत असतानाच भावकीच्या पत्राचे उत्तर आमच्या मनात तयार झाले. आम्ही संमती कळविली, तीन अटींवर. जोते व माजघर हलवू नये. येणाऱ्याचे आडनाव पाहून खोली देऊ अथवा नाकारू नये. आणि ज्या वहिनी सकाळी पाचला चूल पेटविणार, त्यांचे नाव भाड्याच्या खात्यावर असावे. कुलूप लागलेल्या घरात आपुलकी टिकत नाही, वाळवी मात्र टिकते, हे आम्हांस उमगले आहे. पहिल्या दोन अटी लगेच मान्य झाल्या. तिसरीवर अद्याप विचार चालू आहे. तोवर यंदाच्या सुटीपुरती आम्ही दिवेआगरास एका घरी खोली सांगून ठेवली आहे, आणि मोदकांचेही आगाऊ कळविले आहे.