तबकड्यांची चौकशी

उडत्या तबकड्यांचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे ताबडतोब पुढे सरसावतात. एक म्हणतो, सारे थोतांड आहे. दुसरा म्हणतो, परग्रहावरची मंडळी केव्हाच येऊन गेली, सरकार फक्त लपवून ठेवते आहे. आम्ही या दोघांच्याही पंगतीला बसणार नाही. आकाशात काय उडते हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही खगोलशास्त्रज्ञ नव्हे की वैमानिक नव्हे. आमचे आयुष्य गेले ते कारखान्यांच्या दारांत आणि चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलांपुढे. चौकशी कोण करतो, साक्षीला कोणाला बोलावतात, कोणाला वगळतात आणि अहवाल शेवटी कोणाच्या कपाटात जाऊन पडतो, एवढे मात्र आम्हांला जवळून ठाऊक आहे. म्हणून आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे तो तबकड्यांचा इतिहास नव्हे, तर तबकड्यांच्या चौकशीचा. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेचा आहे. पण त्यातून निघणारा प्रश्न, लोकांनी चालवलेल्या प्रत्येक राज्याला विचारावा असा आहे.

आरंभ झाला २४ जून १९४७ रोजी. केनेथ अर्नोल्ड नावाचा एक व्यापारी आपले छोटे विमान घेऊन वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर पर्वताजवळून चालला होता. त्याला नऊ चकचकीत वस्तू रांगेने जाताना दिसल्या. त्यांचा वेग त्याच्या अंदाजाने ताशी हजार मैलांहून अधिक होता. पाण्यावर बशी भिरकावली असता ती जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. त्याने उपमा दिली ती चालीला; वर्तमानपत्रांनी ती चिकटवली आकाराला, आणि 'उडती तबकडी' जन्मास आली. दोनच आठवड्यांनी, ८ जुलैला, न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथील लष्करी विमानतळाने आपल्या हाती उडती तबकडी लागल्याचे पत्रक काढले, आणि काही तासांतच वरिष्ठांनी ते फिरवून तो हवामान तपासण्याचा फुगा असल्याचे जाहीर केले. सरकारच्या तोंडून एकाच दिवसात दोन गोष्टी निघाल्या, हे लोकांनी ध्यानात ठेवले.

महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती आणि शीतयुद्धाला तोंड लागले होते. तबकड्या परग्रहावरच्या असोत वा नसोत, त्या रशियाच्या तर नाहीत ना, ही हवाईदलाची खरी धास्ती होती. म्हणून जानेवारी १९४८ मध्ये 'प्रोजेक्ट साइन' नावाने चौकशी सुरू झाली. १९४९ मध्ये तिचे नाव 'ग्रज' झाले. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आकस असा होतो, आणि कामाची रीतही पुढे पुढे नावाला शोभेशीच झाली. १९५२ मध्ये 'प्रोजेक्ट ब्लू बुक' आले. ओहायो राज्यातील राइट-पॅटरसन विमानतळावर त्याचे कार्यालय होते. वैमानिक, पोलीस, शेतकरी, गृहिणी यांच्याकडून आलेली प्रत्येक हकीकत तेथे शुक्राचा तारा, उल्का, फुगे, विमाने यांच्याशी ताडून पाहायची, हा त्या कार्यालयाचा धंदा. जे. ॲलन हायनेक हे खगोलशास्त्राचे प्राध्यापक १९४८ पासून या कामी हवाईदलाचे सल्लागार होते. बहुतेक हकीकतींचा उलगडा होत असे आणि तो प्रामाणिक असे, हेही येथे सांगितले पाहिजे.

जुलै १९५२ मध्ये मात्र प्रकरण थेट राजधानीवर आले. लागोपाठ दोन शनिवारी रात्री वॉशिंग्टनच्या विमानतळावरील रडारवर अनोळखी ठिपके उमटले आणि लढाऊ जेट विमाने त्यांच्या मागे धाडावी लागली. २९ जुलैला जनरल सॅम्फर्ड यांनी वार्ताहरांची मोठी परिषद घेतली. खाली थंड आणि वर गरम अशी हवेची उलटी थर-रचना झाली की रडारचे किरण वाकतात आणि भलतेच ठिपके दिसतात, असा त्यांचा खुलासा होता. तो शास्त्राला धरून होता. लोक मात्र निमूटपणे ऐकून घरी गेले, ते पटले म्हणून नव्हे, तर पुढे विचारायचे कोणाला हे ठाऊक नव्हते म्हणून.

याच सुमारास गुप्तहेर खाते म्हणजे सीआयए या कामात शिरले. जानेवारी १९५३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक गुप्त समिती बसली. पुढे १९६८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे लुई अल्व्हारेझ हे तिचे एक सभासद होते. माणसे बुद्धिमान होती, पण सारी मिळून बैठक झाली सुमारे बारा तासांची. समितीने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की, तबकड्यांपासून देशाला धोका असल्याचा किंवा त्या परग्रहावरच्या असल्याचा पुरावा नाही. दुसरी अशी की, हकीकतींचा असा पूर लोटत राहिला तर खऱ्या हल्ल्याची खबर त्यात बुडून जाईल. म्हणून वर्तमानपत्रे, चित्रपट, शाळा यांच्या द्वारे लोकांच्या मनातून या गोष्टी काढून टाकाव्यात, आणि तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या खाजगी मंडळांवर नजर ठेवावी. पहिली गोष्ट शास्त्रज्ञांना शोभेशी होती. दुसरी कोतवालाला शोभेशी. प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्याचाच बंदोबस्त करायचा, ही चाल तेथे प्रथम कागदावर आली.

१९५४ च्या हवाईदलाच्या एका नियमाने ती अमलात आणली. वस्तूची ओळख पक्की पटली असेल तरच स्थानिक अधिकाऱ्यांनी वार्ताहरांना काही सांगावे, असा तो नियम होता. म्हणजे उलगडा झालेल्या हकीकती तेवढ्या लोकांपुढे येणार आणि न उलगडलेल्या दप्तरात राहणार. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईने त्यांना सांगितले असते.

यात आणखी एक गाठ होती. ऑगस्ट १९५५ पासून सीआयएचे यू-२ हे हेरगिरीचे विमान गुप्तपणे उडू लागले. त्या काळची प्रवासी विमाने दहा ते वीस हजार फुटांवरून जात. हे साठ हजार फुटांच्याही वर. खाली अंधार पडला तरी वर त्याच्या चंदेरी पंखांवर सूर्य चमकत असे. तेवढ्या उंचीवर विमान असू शकते हे कोणाला ठाऊकच नव्हते, तेव्हा वैमानिकांनी काही विलक्षण पाहिल्याचे कळवले यात नवल नाही. ब्लू बुकच्या अधिकाऱ्यांना सत्य कळत होते, पण ते सांगता येत नव्हते. म्हणून ते बर्फाचे कण, हवेचे थर अशी कारणे देत. ही कबुली सीआयएच्याच इतिहासकाराने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात आहे. पन्नाशीच्या उत्तरार्धातील आणि साठीतील निम्म्याहून अधिक हकीकती अशा हेर-विमानांच्या होत्या, असा त्या खात्याच्या अधिकाऱ्यांचा अंदाजही तेथे दिला आहे. हा अंदाज जास्तीचा आहे असे काही अभ्यासक म्हणतात. तो अर्धा जरी खरा मानला, तरी अर्थ एकच होतो. तो पाहणारा माणूस वेडा नव्हता. त्याने खरोखरीची वस्तू पाहिली होती, आणि ती खरी आहे हे जाणणाऱ्यांनीच त्याला भ्रमिष्ट ठरवले.

मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात हा सारा साठलेला राग बाहेर पडला. डेक्स्टर गावाजवळ अनेकांना दलदलीच्या जागी दिवे दिसले. दुसऱ्या रात्री हिल्सडेल येथील महाविद्यालयाच्या ऐंशीहून अधिक विद्यार्थिनींनी तसेच काही पाहिले. प्राध्यापक हायनेक यांनी डेट्रॉइटला वार्ताहरांपुढे दलदलीतून निघणाऱ्या वायूची शक्यता सांगितली. त्यांनी मांडली ती शक्यता, लोकांनी ऐकला तो अपमान. सगळ्या राज्यात हशा आणि संताप उसळला. त्या राज्याचे प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी प्रतिनिधिगृहाच्या समित्यांना पत्र लिहून जाहीर सुनावणीची मागणी केली. ५ एप्रिल १९६६ रोजी सुनावणी झाली. हवाईदलाच्या मंत्र्यांनी सांगितले की, १९४७ पासून १९६५ अखेर १०,१४७ हकीकती तपासल्या आणि त्यांपैकी ६४६ चा उलगडा झालेला नाही. साक्षीदार तीन होते: स्वतः मंत्री, ब्लू बुकचे प्रमुख आणि हायनेक. ज्यांनी दिवे पाहिले त्यांपैकी एकही नाही.

ही सुनावणी वाचताना आम्हांला आमच्या धंद्यातली एक चौकशी आठवते. एका कारखान्यात यंत्रात हात सापडून एका कामगाराची बोटे गेली. चौकशी अधिकारी व्यवस्थापनाचाच. साक्षी झाल्या त्या सुपरवायझरांच्या. निष्कर्ष निघाला, कामगाराचा निष्काळजीपणा. तो खराही असेल. तसे प्रसंग घडतात. पण त्या पाळीतल्या एकाही माणसाला तो पटला नाही, कारण शेजारच्या यंत्रावर उभा होता त्याला कोणी विचारलेच नव्हते. निष्कर्ष बरोबर असणे वेगळे आणि तो मान्य होणे वेगळे. दुसऱ्यासाठी पाहणाऱ्याची साक्ष लागते.

हवाईदलाने मग तटस्थ चौकशीचा मार्ग धरला. ऑक्टोबर १९६६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाकडे काम सोपवले गेले. प्रमुख होते एडवर्ड कॉन्डन, नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. १९४८ मध्ये अमेरिकाविरोधी कारवाया शोधणाऱ्या संसदीय समितीने याच कॉन्डन यांना देशाच्या सुरक्षेतील कच्चा दुवा ठरवून त्यांच्या मागे ससेमिरा लावला होता. सरकारी चौकशीचा अन्याय स्वतः सोसलेला माणूस तटस्थ राहील अशी आशा कोणालाही वाटावी. पण कॉन्डन यांनी चौकशी चालू असतानाच भाषणांतून तबकड्यांची थट्टा आरंभली. शिवाय काम हाती घेण्याआधी विद्यापीठातल्या एका अधिकाऱ्याने लिहिलेले टिपण बाहेर आले. लोकांना चौकशी निःपक्षपाती वाटावी आणि शास्त्रज्ञांना मात्र हे लोक काही सापडेल या आशेने बसलेले नाहीत असे दिसावे, यातच खुबी आहे, असा त्याचा आशय होता. टिपण बाहेर पोचवल्याबद्दल दोघा सहकाऱ्यांना काढून टाकण्यात आले. टिपण लिहिणारा राहिला, ते दाखवणारे गेले! कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला यावर अधिक भाष्य करावे लागत नाही.

जानेवारी १९६९ मध्ये अहवाल आला. एकवीस वर्षांच्या अभ्यासातून विज्ञानाच्या ज्ञानात काही भर पडलेली नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्याला मान्यता दिली. तथापि त्याच अहवालाच्या पोटात उलगडा न झालेल्या काही हकीकतीही आहेत. १७ डिसेंबर १९६९ रोजी ब्लू बुक बंद झाल्याचे जाहीर झाले. एकूण हकीकती १२,६१८, अनिर्णित ७०१. वीस वर्षे सरकारच्या बाजूने खुलासे करणारे हायनेक यांनी १९७३ मध्ये स्वतःची अभ्यास-संस्था काढली. परग्रहवासी सापडले असे त्यांचे म्हणणे नव्हते. या प्रश्नाकडे कोणी नीट पाहिलेच नाही, एवढे होते.

दप्तरे लोकांच्या हाती यायला आणखी काळ लागला. माहिती मिळवण्याच्या कायद्याखाली न्यायालयात गेल्यावर १९७८ मध्ये सीआयएला सुमारे नऊशे पाने द्यावी लागली. रॉझवेलचा फुगा हवामानाचा नव्हताच. रशियाच्या अणुस्फोटांचा कानोसा घेणाऱ्या 'मोगल' नामक गुप्त योजनेचा तो होता, हे हवाईदलाने सांगितले १९९४ मध्ये, सत्तेचाळीस वर्षांनी. तोवर रॉझवेलमध्ये परग्रहवासीयांची प्रेते सापडल्याची कथा जगभर पोचली होती. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. खरा खुलासा आला तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला फारसे कोणी उरले नव्हते.

अलीकडचा भाग थोडक्यात सांगतो. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागाने १४४ हकीकतींचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतल्या एकीचाच खात्रीने उलगडा झाला होता. तो हवा निघून चाललेला एक मोठा फुगा होता. मे २०२२ मध्ये पन्नासहून अधिक वर्षांनी पुन्हा जाहीर संसदीय सुनावणी झाली, आणि जुलै २०२३ च्या सुनावणीत प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणारे नौदलाचे माजी वैमानिक शपथेवर बोलले. मार्च २०२४ मध्ये संरक्षण खात्याच्या चौकशी कार्यालयाने १९४५ पासूनची दप्तरे पाहून परग्रहाचा पुरावा नसल्याचे सांगितले. निष्कर्ष बव्हंशी १९५३ चाच आहे. फरक पडला तो एवढा की, या वेळी पाहणाऱ्याला खुर्ची मिळाली.

फ्रान्सने निराळी वाट धरली. १९७७ पासून तेथे हे काम लष्कराकडे नसून अंतराळ संशोधन संस्थेच्या एका शाखेकडे आहे. गावचा पोलीस जबानी लिहून घेतो, शास्त्रज्ञ ती तपासतात, आणि २००७ पासून ही प्रकरणे कोणालाही वाचता येतील अशी खुली आहेत. उलगडा न झालेली प्रकरणे तेथेही आहेत. ती तशीच नोंदून ठेवली जातात. 'आम्हांला कळलेले नाही' असे लिहिल्याने त्या सरकारचे काही बिघडलेले नाही.

या इतिहासात परग्रहवासी कोठेही सापडत नाहीत. सापडते ते हे की, आपल्याच दाव्यात आपण न्यायाधीश होऊन बसणाऱ्या सत्तेने खरे सांगितले तरी ते खोटे वाटते, आणि त्या शंकेच्या पोकळीत भोंदू माणसे आपली दुकाने थाटतात. लोकांची उत्तरे पुष्कळदा चुकली. प्रश्न विचारण्यात त्यांची चूक नव्हती. तेव्हा उद्या आपल्या नगरात पूल पडला, पाणी दूषित झाले, गिरणीत अपघात झाला आणि चौकशी समिती नेमल्याचे वर्तमानपत्रात आले, तर निष्कर्षाची वाट पाहत बसू नये. समितीवर कोण आहे, पाहणाऱ्याला बोलावले का, आणि अहवाल छापला जाणार का, हे पहिल्याच दिवशी जाऊन विचारावे. नंतर विचारून हाती येतात ती सत्तेचाळीस वर्षांनी उघडलेली दप्तरे.