एक डिस्क, अनेक वाटा. नाव मात्र एकच हवे

शिक्रापूरला पोचण्यास वाटा अनेक आहेत. पुण्याहून कोरेगाव भीमामार्गे येता येते, शिरूरकडून रांजणगाव ओलांडून येता येते. चाकणहून आणि तळेगाव ढमढेरेकडूनही येता येते. वाट बदलली म्हणून गावाचे नाव बदलत नाही. मोठ्या सर्व्हरला जोडलेल्या डिस्कबाबत मात्र असे गृहीत धरता येत नाही. तेथे वाटेगणिक नाव बदलते आणि नावातील हा घोळ प्रसंगी सर्व माहिती पुसून टाकण्यास कारणीभूत ठरू शकतो.

चार वाटा, चार नावे

बँका, रुग्णालये आणि कारखाने आपली महत्त्वाची माहिती बहुधा स्वतंत्र स्टोरेज यंत्रणेत ठेवतात. सर्व्हर आणि ही यंत्रणा यांना एकाच केबलने जोडले, तर ती तुटताच काम ठप्प होते. म्हणून सर्व्हरला दोन कार्डे, मध्ये दोन स्विच आणि स्टोरेजला दोन कंट्रोलर अशी दुहेरी रचना केली जाते. त्यातून एकाच डिस्ककडे चार वाटा तयार होऊ शकतात. लिनक्स प्रणाली प्रत्येक वाट ही वेगळी डिस्क समजते आणि तिला 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावे देते. ही नावे सापडण्याच्या क्रमाने पडतात. सर्व्हर पुन्हा सुरू केला किंवा नवी डिस्क जोडली, की क्रम बदलू शकतो. कालची 'एसडीबी' आज 'एसडीडी' असू शकते.

खरी ओळख कोणती?

प्रत्येक डिस्क आपला जागतिक ओळख क्रमांक, म्हणजेच 'डब्ल्यूडब्ल्यूआयडी', स्वतः सांगते. कोणत्याही वाटेने विचारले तरी उत्तर एकच येते. लिनक्समधील 'मल्टिपाथ' हा प्रोग्राम या क्रमांकावरून चारही वाटा एकत्र करतो आणि त्यांचे एकच उपकरण बनवतो. एक वाट बंद पडली, तर काम दुसऱ्या वाटेने सुरू राहते.

हा क्रमांक लांबलचक असल्याने 'एमपाथए', 'एमपाथबी' अशी सुटसुटीत नावे देण्याची सोय आहे. कोणत्या क्रमांकाला कोणते नाव दिले, याची नोंद 'बाइंडिंग्ज' नावाच्या फाइलमध्ये राहते. ही फाइल प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्र असते आणि घोळाचे मूळ येथेच आहे. दोन सर्व्हर एकच स्टोरेज वापरत असतील, तर एकावर 'एमपाथबी' ही हिशेबाची डिस्क आणि दुसऱ्यावर त्याच नावाची रिकामी डिस्क असू शकते. 'एमपाथबी पुसून नव्याने तयार करा' ही दुसऱ्या सर्व्हरसाठीची सूचना पहिल्यावर पाळली गेली, तर हिशेब गेलाच.

उपाय काय?

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे 'मल्टिपाथ.कॉन्फ' या फाइलमध्ये प्रत्येक ओळख क्रमांकापुढे अर्थपूर्ण टोपणनाव लिहिणे आणि तो मजकूर सर्व सर्व्हरवर सारखा ठेवणे. 'हिशेब०१' यासारखे नाव वाचणाऱ्यालाही लगेच कळते. दुसरा मार्ग म्हणजे एका सर्व्हरवरील 'बाइंडिंग्ज' फाइल इतरांवर नेणे. त्याआधी त्या सर्व्हरवरील मल्टिपाथ उपकरणांचा वापर थांबवावा लागतो.

मूळ प्रणालीची डिस्कही मल्टिपाथवर असेल, तर सुरुवातीला चालणाऱ्या 'इनिटरॅमएफएस'मध्ये जुनी नोंद राहिलेली असू शकते. म्हणून नावे बदलल्यावर तेही नव्याने तयार करावे.

फाइल प्रणालीच्या यूयूआयडीवर विसंबण्याचा पर्यायही आहे. मात्र तो चारही वाटांवर सारखाच दिसत असल्याने, मल्टिपाथ उभे राहण्यापूर्वीच एखादी सुटी वाट वापरात येण्याचा धोका उरतो. तसेच डिस्कची हुबेहूब प्रत काढली, की यूयूआयडीही प्रतीत उतरतो. ओळख क्रमांक मात्र वेगळा असतो.

डिस्क पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी 'मल्टिपाथ -एलएल' चालवून नाव, ओळख क्रमांक आणि आकार ही तिन्ही नोंदवहीशी ताडून पाहावीत. या तपासणीस काही क्षणच लागतात. पुसलेली माहिती मात्र बॅकअप नसेल तर परत मिळण्याची शाश्वती नसते.