ट्रम्पेटवादनातील गायनतंत्राचे उपयोजन : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

ट्रम्पेट हे मूलतः रणांगणाचे आणि राजद्वाराचे वाद्य. आपल्याकडील तुतारी व कर्णा यांच्याप्रमाणेच इशारा देणे, आगमनाची वर्दी देणे आणि सत्तेचे वैभव मिरविणे हे त्याचे कार्य होते. अशा वाद्याने मानवी कंठाप्रमाणे गावे, ही अपेक्षा वरकरणी विसंगत वाटते. तथापि, गेली सुमारे चारशे वर्षे युरोपीय अभिजात संगीतातील ट्रम्पेटचे शिक्षक आपल्या शिष्यांना 'वाजवू नका, गा' असे सांगत आलेले आहेत. हा उपदेश केवळ अलंकारिक आहे, की त्यामागे शिकविता येण्याजोगे तंत्र आहे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. ट्रम्पेटवादकाची उपजीविका त्याच्या ओठांवर व दमसासावर अवलंबून असते. त्यामुळे कोणत्या कल्पनेच्या आधारे त्याला शिकविले जाते, यावर त्याच्या कारकिर्दीचे आयुष्यमानही ठरते.

दरबारी वाद्य आणि कंठाचा आदर्श

सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ट्रम्पेटवादन ही प्रामुख्याने मौखिक परंपरेने चालत आलेली विद्या होती. चेझारे बेन्दिनेल्ली याने १६१४ मध्ये व्हेरोना येथील अकादमीला अर्पण केलेले हस्तलिखित आणि जिरोलामो फान्तिनी याचा १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेला शिक्षणग्रंथ यांमुळे ही विद्या लेखनबद्ध झाली. फान्तिनी हा तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकच्या पदरी होता. दीर्घ स्वर अल्प ध्वनीने सुरू करावा, मध्यापर्यंत वाढवीत न्यावा आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा उतरवीत आणावा, असे तो सांगतो. ही सूचना त्या काळातील इटालियन गायकांच्या स्वर लावण्याच्या पद्धतीतून आलेली आहे. जुलिओ काच्चिनी याने १६०२ च्या आपल्या ग्रंथात स्वराच्या अशाच चढउताराची चर्चा गायकांसाठी केली होती. म्हणजेच गायनात नवी भावाभिव्यक्ती रूढ झाल्यानंतर अवघ्या एका पिढीत तिचे तंत्र ट्रम्पेटच्या पाठ्यग्रंथात उतरले.

या उपयोजनामागे सामाजिक कारणही असावे असे दिसते. जर्मन भाषक प्रदेशांत ट्रम्पेटवादकांचा संघ १६२३ च्या शाही सनदेने संरक्षित होता. वादकाची प्रतिष्ठा राजसेवेतून येत असे. परंतु चर्च आणि संगीतिका यांत स्थान मिळवावयाचे तर गायकांच्या शेजारी उभे राहणे आवश्यक होते. बाखचे १७३० च्या सुमाराचे, सोप्रानो आणि ट्रम्पेट यांच्यासाठी रचलेले ५१ क्रमांकाचे कँटाटा याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात एकच स्वरावली कंठ आणि वाद्य आळीपाळीने उचलतात. तेथे वादकाची तुलना थेट गायिकेशी होते आणि लपण्यास जागा उरत नाही. योहान एर्न्स्ट आल्टेनबुर्ग याने १७९५ मध्ये, ही परंपरा लयास जात असताना, मानवी कंठ हाच सर्व वाद्यांचा आदर्श असल्याचे नमूद केले आहे.

या आदर्शाला वाद्याच्या रचनेची कठोर मर्यादा होती. झडपा नसलेल्या नैसर्गिक ट्रम्पेटमधून केवळ स्वयंभू स्वरांची मालिका निघते. खालच्या पट्टीत या स्वरांमध्ये मोठी अंतरे असतात. सलग स्वरपंक्ती आठव्या स्वयंभू स्वरापासून पुढेच मिळते आणि तीतही अकरावा व तेरावा स्वर मूळ स्थानापासून ढळलेले असतात. ते ओठांनी सावरून घ्यावे लागतात. त्यामुळे त्या काळात ट्रम्पेटने 'गाणे' म्हणजे अत्युच्च पट्टीत, अल्प ध्वनीत आणि कमालीच्या नियंत्रणाने वाजविणे होय.

यांत्रिक सुधारणा आणि संगीतिकेचा प्रभाव

हायडनने १७९६ मध्ये आंटोन वायडिंगर याच्या कळीयुक्त ट्रम्पेटसाठी कन्चेर्तो रचला. तो १८०० मध्ये व्हिएन्ना येथे सादर झाला. त्याच्या संथ भागातील गीतसदृश चाल मध्यम पट्टीत फिरते. जुन्या ट्रम्पेटवर ती अशक्य होती. पुढे १८१८ मध्ये श्टोल्झेल व ब्ल्यूमेल यांना प्रशियात झडपांचे स्वामित्वहक्क मिळाले आणि सर्व स्वर वादकाच्या बोटांखाली आले. येथे एक लक्षणीय विरोधाभास दिसतो. स्वर सहज मिळू लागताच वादनात चपळाई वाढली, परंतु गेयता आपोआप आली नाही. ती स्वतंत्रपणे शिकवावी लागली.

हे कार्य झाँ-बाप्तिस्त आर्बां (१८२५–१८८९) याने केले. कॉर्नेट व सॅक्सहॉर्न यांच्यासाठी १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा बृहद्ग्रंथ आजही ट्रम्पेटच्या विद्यार्थ्यांच्या हाती असतो. १८६९ मध्ये तो पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत कॉर्नेटचा प्राध्यापक झाला. या ग्रंथात जीभेच्या आघातांसाठी 'तु' आणि 'कु' या अक्षरांवर आधारित पद्धती आहे. त्याचबरोबर स्वरवाक्याची जडणघडण शिकविण्यासाठी दीडशे चालींचा संग्रह असून त्यांतील अनेक चाली संगीतिकांतून घेतल्या आहेत. बेल्लिनीच्या 'नॉर्मा'वरील रूपांतरेही त्यात आहेत. यावरून गायनाची दोन अंगे येथे वेगळी केलेली दिसतात. अक्षरे व्यंजनांची जागा घेतात, तर अखंड श्वास स्वरांची.

याच कॉन्झर्व्हेटरीत गायन शिकविणाऱ्या मार्को बोर्दोन्यी (१७८९–१८५६) याने गायकांसाठी शब्दविरहित स्वराभ्यास रचले होते. बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रातील ट्रॉम्बोनवादक झोआनेस रोशू याने १९२८ मध्ये त्यांचे ट्रॉम्बोनसाठी रूपांतर प्रसिद्ध केले. पुढे हे अभ्यास सर्वच पितळी वाद्यांच्या शिक्षणात रूढ झाले.

विसावे शतक : देहशास्त्र आणि कल्पना

विसाव्या शतकात या विचाराला शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय मुख्यतः शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रातील ट्यूबावादक अर्नोल्ड जेकब्ज (१९१५–१९९८) यांना दिले जाते. ते या वाद्यवृंदात १९४४ ते १९८८ या काळात होते. 'गीत आणि वारा' या दोन शब्दांत त्यांची शिकवण सामावली आहे. श्वसनक्षमता मोजणारी वैद्यकीय उपकरणे ते वापरत असत, परंतु वाजविताना स्नायूंचा विचार करू नये असाच त्यांचा आग्रह होता. पोटाचे स्नायू आवळले आणि कंठद्वार मिटले की हवा कोंडते व ओठांपर्यंत पोहोचत नाही. याउलट मनात स्वर स्पष्टपणे गाता आला, तर शरीर त्याला अनुसरते. अपयशाने खचलेल्या अनेक व्यावसायिक वादकांनी त्यांच्याकडे धाव घेतली, यावरून या तत्त्वाचे व्यावहारिक मोल लक्षात येते. त्याच वाद्यवृंदातील व्हिन्सेंट चिखोविच यांनी ट्रम्पेटच्या अध्यापनात श्वासाच्या अखंड प्रवाहावर भर दिला.

एकल वादनात मोरीस आंद्रे (१९३३–२०१२) यांनी ओबो व व्हायोलिनसाठीच्या रचना ट्रम्पेटवर आणून या वाद्याला मैफलीचे स्थान मिळवून दिले. मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात दीर्घकाळ राहिलेले तिमोफेय दोकशित्सर (१९२१–२००५) यांच्या वादनातही गेयतेला प्राधान्य आहे.

साम्याच्या मर्यादा

कंठ आणि ट्रम्पेट यांतील साम्य खरे असले तरी ते पूर्ण नाही. दोन्हींत हवेच्या दाबाने कंप पावणारे मांसल भाग आहेत. एकीकडे स्वरतंतू, दुसरीकडे ओठ. परंतु गायकाचे स्वरतंतू स्वराची उंची बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे ठरवितात, तर ट्रम्पेटवादकाच्या ओठांना नळीतील हवेच्या स्तंभाशी जुळवून घ्यावे लागते. शिवाय ओठांवर धातूचा दाब असतो व ते लवकर थकतात. गायकाला शब्दाचा आधार असतो, वादकाला तो नसतो. दुसरीकडे, शिक्षकांच्या जुन्या सूचनांना आधुनिक पुरावाही मिळाला आहे. २०१० नंतरच्या दशकात गोटिंगेन येथे फ्रेंच हॉर्नवादकांचे चुंबकीय अनुनाद चित्रण झाले. त्यात वरच्या पट्टीत जाताना कुशल वादकांची जीभ उंचावते असे दिसले. खाली 'आ' आणि वर 'ई' म्हणावे, या गायनसदृश सूचनेला त्यामुळे शारीरिक आधार लाभतो.

आपल्या परंपरेच्या संदर्भात

'गायकी अंग' ही संज्ञा मराठी रसिकांना नवी नाही. विलायत खाँ (१९२८–२००४) यांची सतार तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. ट्रम्पेटशी अधिक थेट नाते मात्र गोव्याचे आहे. तेथील चर्चसंलग्न शाळांत मुले प्रथम स्वर गाऊन वाचावयास शिकत आणि नंतर वाद्य हाती घेत. विसाव्या शतकात मुंबईतील जॅझ, नृत्य व चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत चिक चॉकलेट (१९१६–१९६७) आणि ख्रिस पेरी (१९२८–२००२) यांच्यासारखे गोमंतकीय ट्रम्पेटवादक पुढे आले. त्यांचे क्षेत्र अभिजात संगीताचे नव्हते. परंतु वाद्यापूर्वी कंठ, हा त्या शाळांतील शिक्षणक्रम आर्बां व जेकब्ज यांच्या विचाराशी जुळणारा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, गायनतंत्राचे उपयोजन प्रत्येक कालखंडात वेगळ्या उणिवेची भरपाई करीत आले. सतराव्या शतकात त्याने दरबारी वाद्याला भावाभिव्यक्ती दिली, एकोणिसाव्या शतकात यांत्रिक सुलभतेला गेयतेची जोड दिली आणि विसाव्या शतकात स्नायूंच्या चिंतेतून वादकाला मुक्त केले. म्हणून 'गा' हा उपदेश रूपक आणि तंत्र असा दुहेरी आहे. त्याचे रूपक मनाला दिशा देते, तंत्र श्वासाला. यांपैकी एकच उचलणाऱ्या अध्यापनाने विद्यार्थ्याचे नुकसान होण्याचा संभव आहे. संगीताच्या अभ्यासक्रमांत वाद्य आणि गायन यांचे विभाग स्वतंत्र ठेवण्याची आपल्या महाविद्यालयांतील प्रथा या दृष्टीने पुन्हा तपासून पाहणे अगत्याचे ठरते.